कापून घडलेली नक्षी

डाउनहिल सायकल शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मेकॅनिकांच्या तंबूत एक काम चालते, ते कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. चिखलासाठीचा लांब काट्यांचा नवा कोरा टायर चाकावर चढवलेला असतो आणि मेकॅनिक हातातल्या कटर पक्कडीने त्याचा एकेक काटा शेंड्याकडून छाटत असतो. मधल्या रांगांचे काटे जवळजवळ सगळे, कडेचे बहुधा तसेच ठेवून. छाट सगळीकडे एका उंचीला यावी लागते. दोन काटे उंच राहिले तर कडक जमिनीवर चाक थरथरते. चाक फिरवायचे, छाटायचे, बोट फिरवून बघायचे, पुन्हा छाटायचे. खाली रबराच्या टिकल्यांचा सडा पडतो. अशा टायरला त्या वर्तुळात ‘कट स्पाइक’ म्हणतात.

डाउनहिल टायरच्या नक्षीची गोष्ट सांगायची तर ती या पक्कडीपासूनच सांगावी, असे माझे मत आहे. कारखाना या गोष्टीत नेहमी दोन पावले मागून येतो. त्यात त्याचा दोष नाही. टायरची नक्षी पोलादी साच्यात कोरलेली असते. कच्च्या रबराचा टायर त्या साच्यात घालतात, आतून फुग्याने दाबतात आणि दीडशे अंशांच्या वर तापवून रबर पक्के करतात. साच्यातली हवा बाहेर पडायच्या भोकांमध्ये शिरलेले रबर म्हणजे नव्या टायरवरच्या त्या मिशा. साचा बनवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, शिवाय प्रत्येक मापाला वेगळा साचा. शनिवारी पाऊस पडला म्हणून रविवारी नवी नक्षी निघत नाही. पक्कड मात्र हाताशी असते.

पण काटा थोडासा छाटल्याने एवढा फरक का पडावा? रबराचा ठोकळा म्हणजे एका टोकाला धरलेली आणि दुसऱ्या टोकाला ढकललेली छोटी तुळईच. तिचे वाकणे उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातले गणित. उंचीचा पाचवा हिस्सा कमी केला की वाकणे जवळपास निम्म्यावर येते. बुटक्या ठोकळ्यांना हे सूत्र तंतोतंत लागू होत नाही, पण कल कळायला पुरेसे आहे. लांब काटा मऊ मातीत खोल घुसतो आणि धरतो. तोच काटा दगडावर किंवा झाडाच्या मुळावर आला की वाकतो, आणि स्वार वळणात असताना चाक एकदम बाजूला सरकते. छाटलेला काटा दोन्हीकडे जमवून घेतो. 2013-14च्या सुमारास मॅक्सिस कंपनीने ‘शॉर्टी’ नावाचा टायर बाजारात आणला. लांब काट्यांच्या चिखलटायरपेक्षा बुटके, पण कोरड्या जमिनीच्या टायरपेक्षा उंच आणि विरळ ठोकळे, असे त्याचे रूप. मेकॅनिक जे वर्षानुवर्षे पक्कडीने करत होते, ते साच्यात उतरले. मॅक्सिस हा तैवानच्या चेंग शिन रबर या 1967 साली स्थापन झालेल्या कंपनीचा ब्रँड.

उतारावर सायकल सोडण्याच्या या वेडाची सुरुवात कॅलिफोर्नियातली. मॅरिन काउंटीत टमालपाइस डोंगराच्या परिसरात फेअरफॅक्स गावाजवळ 21 ऑक्टोबर 1976 रोजी ‘रीपॅक’ नावाची पहिली शर्यत झाली. वापरात होत्या 1930-40च्या दशकांतल्या जड श्विन सायकली आणि त्यांचे 26 इंची, सव्वादोन इंचांच्या जवळपास रुंदीचे बलून टायर. ब्रेक होता मागच्या हबमधला, पॅडल उलटे दाबून लागणारा. उतार संपेपर्यंत हबमधले ग्रीस जळून जाई आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. पहिल्या दिवशी जिंकला अॅलन बाँड्स, कारण तो एकटाच पडला नाही, असे शर्यतीचे आयोजक चार्ली केली सांगतात. पुढे गॅरी फिशरने 4 मिनिटे 22 सेकंदांचा विक्रम केला. नक्षी निवडायचा प्रश्नच नव्हता. ठोकळेदार जुना टायर कोणाच्या गॅरेजमध्ये मिळतो, एवढाच शोध असायचा.

मग कंपन्या जाग्या झाल्या. 1990च्या आसपास जपानच्या पॅनारेसरने मागच्या चाकासाठी ‘स्मोक’ आणि पुढच्यासाठी ‘डार्ट’ अशी जोडी काढली. त्या काळच्या कित्येक टायरांच्या बाजूवर दोन बाण असत: पुढे लावायचा तर या दिशेने, मागे लावायचा तर उलट. यातले तर्कशास्त्र बघण्यासारखे आहे. फिरताना ठोकळ्याची जी धार जमिनीला आधी टेकते, तिच्यावर पॅडलचा जोर येतो. जी नंतर टेकते, तिच्यावर ब्रेकचा. म्हणून पुढच्या चाकात आधीची धार उतरती आणि नंतरची उभी ठेवायची, म्हणजे चाक सहज लोळते आणि ब्रेक लागतो. मागचा टायर उलटा लावला की उभी धार पॅडलच्या कामाला येते आणि चढ चढताना चाक घसरत नाही. डाउनहिलने हे उत्तर पालटले. इथे चढ नाहीच. मागच्या चाकाचे मुख्य काम ब्रेक लागणे आणि सायकल रेषेत राहणे हेच. 2012मध्ये आलेल्या मॅक्सिसच्या ‘मिनियन डीएचआर टू’ या मागच्या टायरमध्ये मधले ठोकळे फावड्यासारखे आडवे रुंद आहेत, आणि त्यांची ब्रेकची धार ताठ उभी. उलटा लावायचा विचार कोणी करत नाही.

याच मिनियन घराण्यातला पुढचा टायर, म्हणजे ‘डीएचएफ’, 2000च्या दशकाच्या सुरुवातीचा. दोन दशकांनंतरही तो विकला जातो, ही या धंद्यात दुर्मीळ गोष्ट. त्याची नक्षी नीट बघितली तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट रबराची नाही असे दिसते. मधल्या ठोकळ्यांच्या रांगा आणि खांद्यावरचे ठोकळे यांच्यामध्ये एक मोकळा पाट सलग फिरतो. सायकल सरळ असताना मधले ठोकळे काम करतात. वळणात सायकल झुकवली की हा पाट ओलांडून खांद्याचे ठोकळे जमिनीला भिडतात, आणि ते आतल्या बाजूने मोकळे असल्याने त्यांची संपूर्ण धार मातीत चावते. पाट ओलांडताना मात्र क्षणभर टायर ना इकडचा ना तिकडचा. ज्याला झुकवायची हिंमत आहे त्याला हा टायर सरळ वागतो. अर्धवट झुकवणाऱ्याला तो हवेत सोडल्यासारखा वाटतो. डीएचएफवर प्रेम करणारे आणि त्याला शिव्या देणारे दोघेही त्याच एका पाटाबद्दल बोलत असतात.

ठोकळ्यांमधली मोकळी जागा का लागते, हे मराठी वाचकाला समजवायला सह्याद्रीतली मुरमाड वाट पुरेशी आहे. खाली पक्का कातळ, वर बोटाच्या पेराएवढा सुटा मुरूम. चपटा, दाट नक्षीचा टायर त्या मुरमावर गोट्यांवरून गेल्यासारखा जातो. विरळ ठोकळे मुरूम दोन्ही बाजूंना सारतात आणि खालच्या कातळाला भिडतात. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या टेकड्यांवरही हीच तऱ्हा.

पुढच्या पिढीने डीएचएफचा तो पाट बुजवायला घेतला. दक्षिण आफ्रिकेचा ग्रेग मिनार हा 2003, 2012, 2013 आणि 2021 असा चार वेळा डाउनहिलचा जगज्जेता. त्याच्याबरोबर काम करून मॅक्सिसने 2018मध्ये ‘असेगाई’ काढला. नाव झुलू योद्ध्यांच्या भाल्याचे. मधले ठोकळे, खांद्याचे ठोकळे आणि दोहोंच्या मधोमध तिसरी, अधूनमधून येणारी रांग. सायकल किती झुकली याची पर्वा न करता टायर कुठल्या ना कुठल्या ठोकळ्यावर उभा राहतो. दाट नक्षीमुळे तो लोळायला जड, आणि चिकट चिखलात डीएचएफपेक्षा लवकर भरतो. पण शर्यत उताराची असल्याने लोळण्याचा जडपणा परवडतो, आणि पुढचे चाक न निसटणे याला दुसरी कसलीच तोड नाही. मागचे चाक घसरले तर स्वार सावरतो. पुढचे घसरले तर आधी पडतो, मग कळते.

आता जमिनीवर प्रत्यक्षात काय टेकते, याचा हिशेब करू. टायरमध्ये 25 पीएसआय हवा आहे, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे पावणेदोन किलो. सायकल आणि स्वार मिळून 100 किलो धरले तर दोन्ही चाकांखाली मिळून 57 चौरस सेंटीमीटरांच्या आसपास जागा होते. टायरचा स्वतःचा ताठरपणा सोडून दिलेला हा ढोबळ हिशेब. त्यातही बरीच जागा ठोकळ्यांमधल्या पोकळीची. ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने दगडांतून उतरणारा माणूस मूठभर ठोकळ्यांवर टेकलेला असतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

म्हणून त्या ठोकळ्यांचे रबर कसले, हा प्रश्न नक्षीइतकाच मोठा. रबराचा कडकपणा शोअर ए या मापात मोजतात. मोटारीच्या टायरचे रबर साधारण 60 ते 70, तर डाउनहिलच्या चिकट रबराचा आकडा 42च्या आसपास. पण सगळा टायर असा मऊ केला तर ठोकळे मुळापासून वाकतात आणि कडेचे फाटून निघतात. त्यामुळे तळाशी कडक थर, वर मऊ, आणि खांद्यावर सगळ्यात मऊ, असा तीन रबरांचा टायर बनतो. मऊपणाखेरीज आणखी एक गुण लागतो: दाबलेले रबर पूर्वपदावर सावकाश यावे. 1963मध्ये ग्रोश या संशोधकाने दाखवले की रबराचे घर्षण वेग आणि तापमान यांच्याशी बांधलेले आहे, आणि रबर आपल्यात किती ऊर्जा जिरवते यावर ते मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. ऊर्जा जिरवणारे रबर दगडावर आपटून उसळत नाही, चिकटून राहते. तेच रबर सपाटीवर पाय ओढल्यासारखे वाटते, कारण जिरलेली ऊर्जा स्वाराच्याच खिशातून जाते. थंडीत ते कडक होते, म्हणून स्कॉटलंडातल्या फोर्ट विल्यमला जे मिश्रण कामाला येते ते भर उन्हाळ्यात इटलीत येईलच असे नाही. ठोकळ्यांवर ज्या बारीक चिरा दिसतात त्यांचेही काम ठोकळा दगडाला चिकटवण्याचेच: चाकाच्या दिशेने उभी चीर ठोकळ्याला बाजूला लवू देते, आडवी चीर पुढेमागे. चिरेने ठोकळा दगडाचा आकार घेतो. खोल चिरा मारल्या की तो लवकर तुटतो.

एवढे सगळे जाणून घेऊनही शर्यतीच्या दिवशी हवामान सगळ्यांची परीक्षा घेते. स्वित्झर्लंडमधला शांपेरीचा ट्रॅक जंगलातून जवळजवळ कड्यासारखा उतरतो, वाटेवर मुळेच मुळे. 2007च्या विश्वचषक फेरीत तिथे पात्रता फेरीत पहिला आलेला ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल नियमाप्रमाणे सगळ्यात शेवटी सुटला, आणि तोवर पाऊस कोसळायला लागला होता. आधी कोरड्यात उतरलेल्यांपैकी फिनलंडचा मॅटी लेहिकोइनेन जिंकला. हिल ओल्या चिखलात तिसरा आला, आणि लोक आजही त्या दिवसाबद्दल बोलताना जिंकणाऱ्यापेक्षा हिलचे नाव आधी घेतात. चार वर्षांनी त्याच डोंगरावर, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, इंग्लंडचा डॅनी हार्ट चिखलात 11.699 सेकंदांच्या फरकाने जिंकला. जिथे फरक शतांश सेकंदांत मोजतात, त्या खेळात हा आकडा विश्वास बसू नये असा आहे. अशा दिवशी टायर निवडणे म्हणजे दोन तासांनंतरच्या आभाळावर पैज लावणे. शर्यतीची फेरी एकच. चूक झाली तर दुसरी संधी नाही.

ऑस्ट्रियातल्या लेओगांगला 2014मध्ये अमेरिकेच्या आरन ग्विनचा टायर वाटेतच फाटला आणि तो उघड्या रिमवर शेवटपर्यंत उतरला. नक्षी कितीही उत्तम असली तरी खालचे कापडी केसिंग धरले नाही तर तिचा काय उपयोग? डाउनहिलचा टायर दुहेरी केसिंगचा असतो आणि वजन सव्वा किलोच्या आसपास जाते. रस्त्यावर शर्यतीत धावणाऱ्या सायकलच्या टायरपेक्षा ते काही पटींनी जास्त.

बोलायला अवघड अशी एक गोष्टही सांगून टाकतो. शर्यतीच्या फोटोंत काही स्वारांच्या टायरवरची नावे काळ्या मार्करने रंगवून टाकलेली दिसतात. करार एका कंपनीशी आणि चाकावर टायर दुसरीचा. नक्षी ओळखणाऱ्याला ते लगेच कळते, कारण ठोकळ्यांची रचना मार्करने झाकता येत नाही. मला ही लबाडी प्रामाणिक वाटते: जाहिरातीत काहीही म्हणा, उतारावर मात्र ज्यावर भरवसा आहे तोच टायर. आणि हा भरवसा आकड्यांतून येत नाही, कारण प्रयोगशाळेत मातीची पकड मोजायची विश्वासार्ह यंत्रणा अजून रुजलेली नाही. फिरत्या ड्रमवर लोळण्याचा जडपणा चांगला मोजता येतो. ओल्या मुळावरचे चावणे नाही. शेवटी एकच ट्रॅक, तोच स्वार, हातात स्टॉपवॉच, आणि उतरल्यावर त्याला विचारायचे की चाक कुठे सुटले.

अलीकडे बदल आला तो नक्षीच्या खालून. केसिंगचे धागे आजवर चाकाच्या दिशेशी साधारण 45 अंशांत तिरपे लावलेले असत आणि एकमेकांना छेदत. जर्मनीच्या श्वाल्बेने 2024मध्ये हा कोन वाढवून, धागे चाकाला अधिक आडवे लावून, ‘रेडियल’ डोंगरी टायर काढले. अशी बाजू सहज दबते, त्यामुळे तेवढ्याच हवेत जास्त ठोकळे जमिनीला टेकतात. कंपनीचा दावा 30 टक्के जास्त जागेचा आहे. यात मजेची गोष्ट अशी की ‘मॅजिक मेरी’ या त्यांच्या आधीपासूनच्या टायरची नक्षी त्यांनी तशीच ठेवली. साचा तोच, सांगाडा नवा. बाजू इतकी लवचीक असेल तर खांद्याच्या ठोकळ्याला बाहेरून आधार किती द्यायचा, मधला पाट किती रुंद ठेवायचा, हे जुने आकडे पुन्हा तपासावे लागतील. त्यासाठी नवे साचे निघायला वेळ लागेल, आणि तोवर मेकॅनिकांकडे छाटायला टायर आहेतच.