गोधडी आणि धावदोरा

महाराष्ट्राच्या वस्त्रकलेचा विषय निघाला म्हणजे पैठण-येवल्याची पैठणी, औरंगाबादचा हिमरू आणि सोलापूरची चादर यांची नावे आपोआप ओठांवर येतात. परंतु ज्या एका वस्त्राखाली या प्रांतातील असंख्य माणसे जन्मली, निजली, आजारी पडली आणि बरी झाली, त्या गोधडीचे नाव या यादीत सहसा येत नाही. याचे कारण उघड आहे. पैठणीला पेठ होती, दलाल होते, भाव होता. गोधडी मात्र घरच्या बायकांनी घरच्या माणसांसाठी घरच्याच जुनेरांतून शिवावयाची, आणि ज्या वस्तूचा जमाखर्च कोठेही लिहिला जात नाही तिची कला म्हणून गणना करण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. गोधडी टंचाईतून जन्मली हे मला मान्यच आहे; पण टंचाईने केवळ निमित्त पुरविले. त्या निमित्ताचा आधार घेऊन बायकांनी तिच्या घडणीत जे गणित, जो विवेक आणि हाताने काही उभे करण्याचा जो निखळ आनंद ओतला, त्याचा हिशेब नुसत्या काटकसरीच्या खात्यावर मांडता येणार नाही.

प्रथम तिच्या कच्च्या मालाचा विचार करू. गोधडी जुन्याच कापडाची का, या प्रश्नाला ‘नवे परवडत नाही म्हणून’ हे उत्तर पुरेसे नाही. कोऱ्या सुती कापडात खळ असते. पहिल्या दोन-चार धुण्यांत ती निघून जाते आणि कापड आटते, आणि तेही प्रत्येक कापड आपापल्या विणीप्रमाणे कमीअधिक. अशी चार तऱ्हेची कोरी कापडे एकत्र शिवली, तर पहिल्याच धुण्यात एक थर दुसऱ्याला ओढू लागतो, शिवण ताणली जाते आणि सारा जिन्नस वेडावाकडा होतो. वर्षानुवर्षे धुतलेल्या लुगड्याचे आटणे केव्हाच संपलेले असते. त्याचे तंतू मऊ पडलेले असल्याने पाच-सात थरांतूनही सुई विनासायास पार होते, आणि अंगाला लागणारा त्याचा मऊपणा कोणत्याही नव्या वस्त्रात मिळत नाही. बाळंतविड्यात झबली-टोपडी नव्या कापडाची चालतात, पण दुपटे मात्र आजीच्या जुन्या लुगड्याचेच हवे, असा जो आग्रह घरोघर धरला जाई त्याच्या मुळाशी हेच ज्ञान होते.

एकच अडचण होती, ती बोहारणीची. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ही बाई दारात आली की घरातल्या गाठोड्यावर दोन बाजूंनी हक्क सांगितला जाई. जरीची आणि धडकी वस्त्रे बहुधा तिच्या टोपलीत जात; झिजलेली सुती लुगडी, धोतरे आणि सदरे मागे राहत, आणि त्यांचा उपयोग कसा करावयाचा हे ठरविण्यात गृहिणीची पारख दिसे. लुगडे सर्वत्र सारखे झिजत नाही. बसण्या-उठण्याच्या जागी ते विरते, काठ आणि पदर मात्र पुष्कळ दिवस टिकून राहतात. म्हणून विरलेला भाग आतल्या थरांसाठी आणि टिकाऊ भाग दोन्ही तोंडांसाठी, अशी विभागणी करावी लागे. सदऱ्यांच्या गुंड्या, काज, गळपट्ट्या आणि जाड शिवणी उसवून काढून टाकावयाच्या, कारण एकही गाठ आत राहिली तर ती झोपणाऱ्याच्या पाठीला टोचल्याखेरीज राहत नाही.

नऊवारी लुगड्याचे माप तर जणू गोधडीसाठीच मुकर्रर झाले असावे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याचे चार समान तुकडे केले की प्रत्येक तुकडा सव्वादोन वारांचा, म्हणजे दोन मीटरांहून किंचित अधिक भरतो. पन्हा साधारण 45 इंच धरला, तर असे दोन तुकडे लांबीच्या कडेने जोडल्यावर प्रौढ माणसाच्या अंथरुणाएवढा चौरस सिद्ध होतो, आणि उरलेल्या दोन तुकड्यांतून दुसरे तोंड. एका लुगड्यात वरचा आणि खालचा असे दोन्ही थर बसतात, काठ मध्यभागी एकमेकांना भिडून एक रंगीत पट्टा आपोआप उमटतो, आणि कातरीखाली जवळजवळ काहीही वाया जात नाही. हे गणित अक्षरओळख नसलेल्या हजारो बायकांना तोंडपाठ होते.

शिवण्याचा हंगाम म्हणजे शेतीची कामे हलकी झाल्यावरचे, पावसाळ्याआधीचे दिवस. सारवलेल्या अंगणात किंवा ओसरीवर खालचा थर अंथरून त्याच्या कडांवर दगड ठेवावयाचे, म्हणजे तो ताणलेला राहतो. त्यावर आतले तुकडे असे पसरावयाचे की कोठे उंचवटा नको आणि कोठे पोकळी नको. या मांडणीतच निम्मी विद्या आहे, कारण एकदा वरचा थर चढला की आतली चूक डोळ्यांना दिसत नाही, ती नंतर पाठीला कळते. वरचा थर साधा, एकसंध ठेवावा किंवा चौकोन, त्रिकोण आणि शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे जोडून रंगीबेरंगी करावा, हा ज्याच्या त्याच्या हौसेचा प्रश्न. इरकली लुगड्याची तांबडी किनार, खणाच्या चोळीचा उरलेला तुकडा, मुलीच्या परकराचा कपडा यांना वरच्या तोंडावर मानाची जागा मिळे. मग लांबलांब कच्चे टाके घालून सारे थर एकमेकांना तात्पुरते बांधावयाचे आणि त्यानंतर खऱ्या शिवणीला हात घालावयाचा.

ही खरी शिवण म्हणजे धावदोरा. शिवणकामातील सर्वांत साधा, सर्वांत आधी शिकविला जाणारा टाका: सुई खाली, सुई वर, आणि पुन्हा खाली. जाड सुती दोरा दुहेरी करून, त्याला मेण लावून, मोठ्या सुईत ओवावयाचा, बोटात अंगुस्तान, आणि एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने चारी बाजू फिरत, बोट-दोन बोटे अंतर ठेवून, फेऱ्यामागून फेरे घेत मध्याकडे जावयाचे. आपली गोधडी बाहेरून आत येते, याचे एक कारण माणसांच्या बैठकीत आहे. चार बाजूंना चार बायका बसल्या की प्रत्येकीची रांग तिच्या पुढ्यात असते, कोणाचा हात कोणाच्या आड येत नाही, आणि काम जसजसे पुढे सरकते तसतशा चौघी एकमेकींच्या जवळ येत जातात. या रीतीत कापडाचा फुगवटा मध्यभागी साचण्याचे भय असते. त्यासाठी दर फेऱ्यानंतर तळहाताने थर दाबून सारखे करावे लागतात, आणि या दाबण्यातच कुशल हात आणि नवखा हात यांतला फरक दिसून येतो.

टाका किंचित ओढून घेतला की कापडावर बारीक लाट उठते. शेकडो टाक्यांच्या या लाटांनी गोधडीचा सारा पृष्ठभाग तळ्यावर वारा फिरावा तसा सुरकुततो. डोळ्यांना हे शोभिवंत दिसते खरे. पण तिची ऊबही याच सुरकुत्यांत साठते. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. थरांमध्ये आणि लाटांमध्ये अडकलेली हवा हलू शकत नाही, म्हणून अंगाची ऊब अंगापाशी राहते. कापसाच्या गादीतही हवाच काम करते, परंतु गादी पाण्यात बुडविता येत नाही. कापसाचे गोळे होतात आणि पिंजाऱ्याला बोलावणे धाडावे लागते. गोधडीचे तसे नाही. टाक्यांनी प्रत्येक थर जागच्या जागी बांधलेला असल्याने ती कितीही वेळा धुता येते. नवरात्रात घट बसण्यापूर्वी घरातील यच्चयावत अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुण्याचा, म्हणजे दसरा काढण्याचा, जो दस्तूर खेडोपाडी आहे, त्यात दगडांवर वाळत पडलेल्या गोधड्यांची रांग हे त्या गावचे खुले प्रदर्शनच असते. कोणाचा टाका बारीक, कोणाचा गोट सरळ, कोणाची रंगसंगती डोळस, याची चर्चा तेथे होते, आणि ती चर्चा करणाऱ्या बायकांएवढे जाणते परीक्षक कोणत्याही कलाभवनात मिळणे कठीण.

कोल्हापूर-साताऱ्याकडे हिला वाकळ म्हणतात. कर्नाटकातील हल्याळ, यल्लापूर आणि मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी लोकांत हीच कला कवंदी या नावाने नांदते. हे मूळचे आफ्रिकी. त्यांच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीज अमदानीत गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले आणि तेथून निसटून घाटावरच्या अरण्यांत स्थायिक झाले. त्यांच्या बायकाही कडेकडून मध्याकडे शिवत जातात, आणि चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या छोट्या तुकड्यांची फुले बसविल्यावाचून कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. बंगालात कांथा, बिहारात सुजनी ही याच कुळातली. कांथेचे भाग्य मात्र थोर. गुरुसदय दत्त यांच्यासारख्या सनदी अधिकाऱ्याने गावोगाव हिंडून तिचे नमुने जमविले, आणि कवी जसीमुद्दीन यांनी 1929 साली आपल्या कथाकाव्याचे नावच तिच्यावरून ठेविले. आपल्या गोधडीला असा संग्राहक वेळीच मिळाला असता, तर विरून गेलेल्या कितीतरी उत्कृष्ट नमुन्यांची आज निदान छायाचित्रे तरी असती. ही हानी भरून येणारी नाही.

ठिगळांच्या वस्त्राला या देशात अप्रतिष्ठा होती असेही सरसकट म्हणता येत नाही. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून करावयाचे, आणि त्या तुकड्यांची मांडणी मगधातील बांध घातलेल्या शेतांच्या नमुन्यावर बुद्धाचा शिष्य आनंद याने बसविली, अशी कथा विनयपिटकात आहे. आमच्याच वऱ्हाडात डेबूजी झिंगराजी जाणोरकर या परटाच्या मुलाने चिंध्यांचे वस्त्र पांघरून, हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली. लोक त्याला गोधडेबुवा म्हणत, आणि पुढे तो गाडगेबाबा या नावाने साऱ्या महाराष्ट्राला वंद्य झाला.

आता यंत्राविषयी. एलियास हौ याने 1846 साली अमेरिकेत ज्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले त्यात टोकाजवळ भोक असलेली सुई आणि खालून धोट्याने येणारा दुसरा दोरा अशी योजना होती. पुढे सिंगरने तेच तत्त्व घरोघर पोचविले. एरवी यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली सिंगरच्या यंत्राला अपवाद मानून त्याची तारीफ केली होती. मध्यमवर्गीय घरांत हे यंत्र आले आणि परकर-पोलकी, अभ्रे, पडदे, पिशव्या घरीच शिवल्या जाऊ लागल्या. पायाखालच्या पट्टीचा तो ठेका अनेक घरांच्या दुपारी भरून टाकी. या यंत्राचे ऋण मी पूर्ण मनाने मानतो. गोधडीच्या बाबतीत मात्र त्याचा उपाय चालत नाही. यंत्रात खालचे दाते कापडाच्या तळच्या थराला पुढे ढकलतात आणि वरची पट्टी वरच्या थराला दाबून धरते. दोन पातळ थरांना हे मानवते, पण सहा-सात थर असले की तळचा पुढे जातो, वरचा मागे राहतो, आणि शेवटी कापड तिरके होते. शिवाय दोन दोऱ्यांचा तो घट्ट, सलग टाका थरांना चेपून सपाट करतो. धावदोऱ्याची लाट उठत नाही आणि तिच्याबरोबर ऊबही जाते.

यंत्रापेक्षा मोठा आघात केला तो कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी. त्या फाटत नाहीत, विटत नाहीत, म्हणून जुन्या होऊन गाठोड्यात पडणारे सुती लुगडे घरातून नाहीसे झाले. अशा साड्यांच्या गोधड्या आज गावोगाव शिवल्या जातात, बचत गटांच्या प्रदर्शनांत विकल्याही जातात, आणि त्यांपासून चार बायकांना मिळकत होते ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु ते कापड घाम शोषीत नाही आणि सुईखालून निसटते. पाहावयास चकचकीत, पांघरावयास निराशाजनक. ज्याला केवळ स्वतःच्या घरासाठी शिवावयाचे आहे त्याने जुनी सुती साडी, धोतर किंवा चादर मिळवावी, हा माझा आग्रह आहे.

आणि असे शिवावे, हेही मी आग्रहाने सांगतो, मग शिवणारी गृहिणी असो वा निवृत्त कारकून. आरंभ दुपट्यापासून करावा. हातभर रुंद, दीड हात लांब एवढे माप पुरे. तीन थर पुरे. कडेला गडद रंगाचा दोन बोटांचा गोट असावा. पहिल्या रांगा वाकड्या जातील, टाके कोठे लांब, कोठे आखूड पडतील. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यापासून हाताला लय सापडते, डोळा मोजू लागण्यापूर्वी सुई योग्य जागी उतरते, आणि आपल्या हाताखाली कापडाची पहिली लाट उठताना पाहून होणारा हर्ष विकतच्या कोणत्याही पांघरुणाने मिळत नाही. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये, नाहीतर तो गुंततो. गाठ नेहमी दोन थरांच्या मध्ये दडवावी. पुढे वरचे तोंड विरले तर गोधडी टाकून देऊ नये. तिच्यावर दुसऱ्या जुनेराचा थर चढवून पुन्हा कडेपासून धावदोरा सुरू करावा, म्हणजे जुनी गोधडी नवीच्या पोटात अस्तर होऊन राहते आणि दरवेळी ती थोडी अधिक जड, थोडी अधिक उबदार होते.