गांवतळ्यांतील गळाची मासेमारी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या धानाच्या मुलखांत तळें नाहीं असें गांव क्वचितच आढळेल. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी लोकांनीं पाळी बांधून पुष्कळशीं तळीं केलीं. पुढें तीं मालगुजारांच्या ताब्यांत आलीं आणि सन १९५१ मध्यें मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झालीं. म्हणूनच त्यांस माजी मालगुजारी किंवा थोडक्यांत 'मामा' तलाव म्हणतात. तळ्याचें पाणी धानास कसें द्यावें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु त्याच तळ्याच्या पाळीवर सायंकाळीं गळ घेऊन बसणारे पुष्कळजण रिकाम्या हातानें घरीं जातात, आणि कांहींजण धरूं नये तो मासा, धरूं नये त्या वेळीं धरितात. तेव्हां ह्या विषयाची थोडी फोड करावी असें आम्हांस वाटलें.

प्रथम परवानगीची गोष्ट. तळें सार्वजनिक असलें तरी त्यांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेचे ढिवर बांधव दरवर्षीं रोहू, कटला व मृगळ ह्यांची बोटुकली विकत आणून तळ्यांत सोडतात. ह्या तिन्ही जाती नदीच्या पुराच्या पाण्यांत अंडीं घालणाऱ्या. साचलेल्या तळ्यांत त्यांची वीण होत नाहीं. पूर्वीं त्यांचें बीज नदींतूनच गोळा करावें लागे. सन १९५७ च्या जुलै महिन्याच्या १० तारखेस ओरिसांतील अंगुल येथें हिरालाल चौधरी ह्यांनीं माशाच्या मस्तकांतील ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यांत ह्या जातींची वीण करून दाखविली, तेव्हांपासून बीज केंद्रांतून मिळूं लागलें. सांगावयाचें तात्पर्य, गळास लागलेला रोहू कोणाच्या तरी गांठच्या पैशानें वाढलेला असतो. संस्थेच्या अध्यक्षास आधीं विचारावें, मागतील ती फी द्यावी, मग बसावें. आमचा अनुभव असा कीं, विचारणाऱ्यास सहसा नाहीं म्हणत नाहींत. उलट मासा कोठें आहे तेंही सांगतात.

तळ्यांत मासा सर्वत्र सारखा नसतो. कटला पाण्याच्या वरच्या थरांत चरतो, त्याचें तोंडही वरच्या बाजूस वळलेलें असतें. रोहू मधल्या थरांत राहतो, आणि मृगळ तळाच्या गाळांत तोंड घालतो. म्हणून तरंगा व गळ ह्यांमध्यें दोरी किती ठेवावयाची हें आधीं ठरवावें लागतें. आम्ही प्रथम गळ टाकूं लागलों तेव्हां कटल्याच्या आशेनें गळ तळाशीं सोडून तीन दिवस बसलों होतों. मिळालें काय तर खेकडे. मृगळासाठीं शिसें तळास टेकेल इतकी दोरी सोडावी, रोहूसाठीं दीड-दोन हात वर घ्यावी. दोघांसही कणकेचा गोळा चालतो. त्यांत भाजलेल्या तांदळाचा कोंडा मळला तर वास दूर जातो. मरळ, शिंगी, मांगूर, वाम हे मात्र मांसाहारी. त्यांस गांडूळ लावावें, आणि गळ उघड्या पाण्यांत न टाकतां कमळाच्या पानांच्या कडेस किंवा बुडालेल्या झुडपाजवळ सोडावा.

काठीस सरळ, वाळलेला बारीक वेळू पुरे. तरंग्यास मोरपिसाच्या दांडीचा वीतभर तुकडा किंवा ज्वारीच्या धाटाचा गाभा उत्तम. बाजारी तरंगे दिसावयास सुंदर असतात, परंतु शिंगीचा हलका ओढा त्यांवर कळत नाहीं. तरंगा एकदम बुडाला म्हणजे मांसाहारी मासा. तो आडवा, संथपणें चालूं लागला म्हणजे बहुधा रोहू. रोहूस लगेच झटका देऊं नये, तरंगा हातभर जाऊं द्यावा.

आतां वेळेविषयीं. पुष्कळांची समजूत अशी कीं अगदीं पहांटे मासा भुकेला असतो. ती अर्धीच खरी आहे. पाण्यांतील वनस्पती दिवसा उन्हांत प्राणवायु सोडतात, रात्रीं मात्र त्याच प्राणवायु घेतात. त्यामुळें दाट वनस्पतींच्या तळ्यांत सूर्योदयाच्या सुमारास पाण्यांतील प्राणवायु सर्वांत कमी असतो. अशा वेळीं रोहू-कटला वर येऊन तोंडें उघडीं टाकतात. नवखा माणूस मासे वर आलेले पाहून हर्षतो, पण ते खावयास आलेले नसतात, श्वासासाठीं आलेले असतात. आमिषाकडे ते पाहतही नाहींत. ऊन पाण्यावर येऊन तासभर झाला कीं गळ टाकावा. उन्हाळ्यांत दुपार टाळावी, दिवस कलतांना बसावें. मरळ, शिंगी व मांगूर हवेंतूनही श्वास घेतात, म्हणून त्यांस हा नियम तितकासा लागू नाहीं. वारा असेल तर ज्या काठाकडे वारा पाणी लोटतो त्या काठास बसावें. तोंडावर वारा घेऊन बसणें सुखाचें नसतें खरें, परंतु किडे व तरंगतें अन्न तिकडेच जमतें आणि लाटांमुळें पाण्यांत हवा मिसळते. पाळीवर सावली पडूं देऊं नये व पाय आपटूं नयेत. माशास कान दिसत नसले तरी त्याच्या कुशीवरील रेषेंतून पाण्याची हालचाल त्यास लगेच कळते.

काठावरून जेथें गळ पोहोंचत नाहीं तेथें डोंगा कामास येतो. हल्लीं शहराकडील हौशी लोक प्लास्टिकची कयाक घेऊन तळ्यांवर येतात. ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची कातड्यानें मढविलेली शिकारीची होडी. बसणें खालीं असल्यानें ती स्थिर असते, पण तींत उभें राहिलें कीं उलटते. डोंग्याचेंही तसेंच. वाऱ्याच्या वरच्या अंगास जाऊन वल्हें उचलावें आणि वाऱ्यानेंच डोंगा कमळाच्या कडेपर्यंत आणूं द्यावा. मग दोरीस बांधलेला दगड हळूच सोडावा, आपटूं नये. वल्हें डोंग्याच्या लांकडास लागलें तर त्या जागेवर घटकाभर कांहीं लागणार नाहीं असें समजावें. एकट्यानें जाऊं नये, तरंगणारें जाकीट घालावें, आणि गळ वेलींत अडकला तर दोरी तोडावी. चार पैशांच्या गळासाठीं पाण्यांत उतरणारास कमळाचे देंठ असे गुंडाळतात कीं पट्टीचा पोहणाराही गांगरतो.

शिंगी हातांत धरतांना फार जपावें. तिच्या कल्ल्यामागील दोन्ही पंखांच्या कांट्यांत विष असतें. कांटा लागल्यास हात सोसेल इतक्या गरम पाण्यांत बुडवून ठेवावा, वेदना कमी होते. सूज वाढल्यास डॉक्टरकडे जावें.

आतां ज्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला ती गोष्ट. मृगाचा पाऊस पडून सांडवा वाहूं लागला कीं मरळ, वाम, शिंगी इत्यादि देशी मासे उथळ पाण्यांत आणि धानाच्या बांध्यांत चढतात. तेथेंच त्यांची वीण होते. अशा वेळीं चढत्या पाण्याच्या तोंडाशीं सापळे लावून टोपलीभर मासे धरणें हा कित्येकांस सणच वाटतो. परंतु ह्या माशांचें बीज कोणी विकत आणून सोडीत नाहीं. ह्या दिवसांत धरलेली एक मादी म्हणजे पुढील वर्षाचा सगळा कळप होय.

मरळाची तर तऱ्हाच निराळी. नरमादी पाणवनस्पतींत जागा साफ करून अंडीं घालतात, तीं पाण्यावर तरंगतात, आणि पिलें निघाल्यावर कित्येक आठवडे त्यांची राखण करितात. तांबूस-नारिंगी पिलांचा पुंजका श्वासासाठीं वर येतो तेव्हां पाणी उकळल्यासारखें बुडबुडतें. त्याच्या खालींच मोठा मरळ असतो, आणि पिलांजवळ आलेल्या कोणत्याही वस्तूवर तो तुटून पडतो. भूक असो वा नसो, गळ तोंडांत घेतोच. ह्याहून सोपी शिकार नाहीं, आणि ह्याहून तोट्याचीही नाहीं. कारण आईबाप गेले कीं दुसरे मासे ती पिलें फस्त करितात. तांबडा पुंजका दिसला तर गळ वर काढून दुसरीकडे जावें. आम्हीं स्वतः एकदां हा मोह आवरला नव्हता. दुसऱ्या दिवशीं त्या जागीं पाहिलें तों पाणी निवांत होतें.

भंडारा-गोंदिया भागांत कांहीं तळ्यांतील ढिवर बांधवांनीं बेशरमचीं झुडपें उपटून पाण्याखालील देशी वनस्पती पुन्हां लाविल्या, तेथें नाहींसे झालेले मासे परत दिसूं लागले आहेत. गवत्या मासा सोडल्यास मात्र तो ह्याच वनस्पती खाऊन टाकतो. गळास चिलापी लागला तर तो परत सोडूं नये. सन १९५२ मध्यें बाहेरून आणलेला हा मासा तळ्यांत अतोनात वाढतो. विष व सुरुंग ह्यांनीं मासे मारण्यास सन १८९७ च्या कायद्यानेंच मनाई केली होती.

शेतकऱ्याच्या हातीं आणखी एक गोष्ट आहे. आर्द्रा-पुनर्वसूंत ज्या बांध्यांत मासे चढले असतील त्यांतील कीटकनाशकाची फवारणी लांबवितां आल्यास लांबवावी, आणि करणें भागच असेल तर फवारणीनंतर बांधीचें पाणी तळ्याकडे सोडूं नये.