पिसलेल्या पत्त्यांवरचा विश्वास : ऑनलाइन कॅसिनोंची तीन दशके

१९९४ साली अँटिग्वा आणि बार्बुडा या कॅरिबियन बेटराष्ट्राने मुक्त व्यापारविषयक कायदा करून इंटरनेटवरील जुगाराला परवाने देण्याची वाट मोकळी केली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पैसे लावून खेळण्याची पहिली संकेतस्थळे उभी राहिली. प्रत्यक्ष मेजावर खेळणाऱ्याला पत्ते पिसणारे हात आणि चाकावर उड्या मारणारी गोळी दिसते. पडद्यावरचे चाक मात्र निकाल ठरल्यावर दाखवलेले निव्वळ चित्र असते, कारण तो निकाल दूरच्या सर्व्हरवरील यादृच्छिक संख्याजनकाने, म्हणजे अंदाज बांधता येऊ नये अशा संख्या तयार करणाऱ्या आज्ञावलीने, आधीच ठरवलेला असतो. या आज्ञावलीवर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, या प्रश्नाची खरी उत्तरे परवाना देणाऱ्यांपेक्षा खेळाडूंनी आणि संशोधकांनी शोधली, हे गेल्या तीस वर्षांच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

येथे सचोटी म्हणजे समान संधी नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे लागते. युरोपीय रूलेटच्या चाकावर ३७ घरे असतात, परंतु एका आकड्यावर लावलेली पैज जिंकल्यास केवळ ३५ पट नफा मिळतो, त्यामुळे चाक अगदी निर्दोष असले तरी लावलेल्या रकमेपैकी सरासरी २.७ टक्के रक्कम कॅसिनोकडेच राहते. हा वाटा उघड असतो. आक्षेप असतो तो छुप्या फेरफाराला.

या दृष्टीने १९९९ सालचे पोकरचे प्रकरण मूलगामी ठरले. प्लॅनेट पोकर या संकेतस्थळाला आज्ञावली पुरवणाऱ्या एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीने, खेळ सचोटीचा आहे हे पटवण्यासाठी, पत्ते पिसण्याची आपली पद्धत जाहीर केली होती. अमेरिकेतील रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या संस्थेच्या संशोधकांनी ती तपासली, तेव्हा तिच्यातील दोष उघडे पडले. बावन्न पत्त्यांच्या मांडणीचे प्रकार आठावर सदुसष्ट शून्ये देण्याइतके असतात. ही आज्ञावली मात्र ज्या प्रारंभिक संख्येपासून, म्हणजे बीजापासून, पत्ते पिसत होती, ते बीज मध्यरात्रीपासून लोटलेल्या मिलिसेकंदांइतके असल्यामुळे दिवसभरात फार तर ८ कोटी ६४ लाख मांडण्या संभवत होत्या, आणि सर्व्हरच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवून घेतल्यावर त्या सुमारे दोन लाखांवर येत होत्या. हातातली दोन आणि मेजावर उघडलेली तीन, अशी पाच पाने कळताच प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे पत्ते आणि पुढे उघडणारी पाने संगणकाला ओळखता येत. कंपनीने पद्धत गुप्त ठेवली असती तर दोष तसाच राहिला असता आणि तो फक्त लबाडाच्याच हाती लागला असता. म्हणूनच ती जाहीर करण्याचा निर्णय, कंपनीला नामुष्की पत्करावी लागली तरी, योग्यच मानला पाहिजे.

पुढे २००३ मध्ये लंडनमध्ये ईकोग्रा ही तपासणी संस्था स्थापन झाली आणि प्रमाणपत्रांचा काळ सुरू झाला. मात्र तिच्या स्थापनेत या उद्योगातील कंपन्यांचाच पुढाकार होता, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

संख्याजनक निर्दोष असूनही खेळ खोटा असू शकतो, हे २००७ साली उघड झाले. ॲब्सोल्यूट पोकर या संकेतस्थळावरील एका स्पर्धेत विजेत्याचे प्रत्येक पाऊल अविश्वसनीय रीतीने अचूक पडत असल्याचा संशय आल्यावर एका खेळाडूने डावांची नोंद मागितली, आणि त्याला मिळालेल्या फाइलमध्ये सर्वांचे झाकलेले पत्ते, तसेच मेजावर नजर ठेवणाऱ्या खात्यांचा तपशील होता. खेळाडूंनी या नोंदी पडताळल्या, तेव्हा इतरांचे पत्ते पाहू शकणारे खाते कंपनीच्याच यंत्रणेत असल्याचे दिसले. अल्टिमेटबेट या भगिनी संकेतस्थळावरही असाच प्रकार कित्येक वर्षे चालू होता. या संकेतस्थळांना परवाना देणाऱ्या, मॉन्ट्रियलजवळच्या मोहॉक आदिवासींच्या भूमीवरील काहनवाके गेमिंग आयोगाने अल्टिमेटबेटच्या प्रकरणात १९९४ च्या पोकर विश्वविजेत्या रस हॅमिल्टनला मुख्य दोषी ठरवले, आणि खेळाडूंना सुमारे २ कोटी २० लाख डॉलर परत करण्यात आले. पत्ते नीट पिसले जात होते, तरी ते कोण पाहू शकते याची तपासणी परवाना देणाऱ्यांकडून झाली नव्हती.

बिटकॉइनच्या प्रसारानंतर, साधारणतः २०१२ पासून, पडताळता येणाऱ्या सचोटीची पद्धत रूढ झाली. तीत कॅसिनो आपल्या गुप्त बीजाचा हॅश, म्हणजे मूळ संख्या न सांगता तिची ओळख पक्की करणारा ठसा, डावापूर्वी जाहीर करतो, त्या गुप्त बीजात खेळाडू आपले बीज मिसळतो, आणि गुप्त बीज नंतर उघड झाल्यावर निकाल मधेच बदलला गेला नाही, हे कोणालाही ताडून पाहता येते. मात्र जिंकलेली रक्कम हातात पडेलच, याची हमी हा ठसा देत नाही.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तर गोव्यात मांडवीतील जहाजांवरचे कॅसिनो १९७६ च्या गोवा, दमण व दीव जुगार कायद्यातील सुधारणांच्या आधारे चालत राहिले. परदेशी संकेतस्थळावर चोरून खेळणाऱ्या मराठी खेळाडूच्या पत्त्यांची तपासणी करणारी अधिकृत यंत्रणा या व्यवस्थेत नाही, आणि त्याची फसवणूक झालीच तर डावांची नोंद मागण्यासाठी त्याला त्याच परक्या कंपनीकडे जावे लागते.