सार्वजनिक धोरण व आंतरविद्याशाखीय संशोधन

मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील, अवर्षणाशी जुना परिचय असलेले गाव. दिवाळीची सुटी संपून शाळा भरली की, या दक्षिण भागातील अनेक शाळांच्या हजेरीपत्रकांत काही नावांपुढील रकाने गैरहजेरीने भरू लागतात. आईबाप ऊसतोडीस गेलेले असतात व मूलही त्यांच्याबरोबर गेलेले असते. शेऱ्याच्या रकान्यात आपण ‘स्थलांतरित’ असे लिहितो. तो शेरा खरा आहे. परंतु ते मूल शाळेत का नाही, या प्रश्नाचे ते पूर्ण उत्तर नव्हे.

हाच प्रश्न निरनिराळ्या शास्त्रांच्या जाणकारांस विचारून पाहावा. भूगोलाचा अभ्यासक पर्जन्यछायेचा प्रदेश व पाणी थोडेच धरून ठेवणारा काळा पाषाण यांकडे बोट दाखवील. अर्थशास्त्रज्ञ मुकादमाकडून आगाऊ घेतलेली ‘उचल’ व पतिपत्नींच्या जोडीस ‘कोयता’ म्हणून मोजण्याची पद्धत सांगेल. समाजशास्त्रज्ञ जात, जमिनीची मालकी व धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी नेली जाणारी मुलगी यांचा विचार करील. कायद्याचा जाणकार २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास दिलेला अधिकार दाखवील. प्रशासनाचा अभ्यासक मात्र विचारील की, गावातील हंगामी वसतिगृह टोळ्या निघण्यापूर्वी सुरू झाले होते की नंतर?

यांपैकी प्रत्येकाचे म्हणणे बरोबर आहे आणि प्रत्येकाचे अपुरे आहे. केवळ कायदा पाहिला, तर ‘मुलास शाळेत आणा’ एवढा आदेश निघेल. पण रात्री ते कोणाजवळ निजेल, हे त्या आदेशात नसते. केवळ मजुरी वाढविली, तर घरात चार पैसे अधिक येतील. पण शाळा तुटावयाची ती तुटेलच. शासनाने काय करावे, कोणासाठी करावे, कोणत्या साधनांनी करावे आणि केल्यावर काय निष्पन्न झाले, यांचा विचार म्हणजे सार्वजनिक धोरणाचा अभ्यास. असा प्रश्न अनेक शास्त्रांच्या पद्धती एकत्र आणून डॉक्टरेटच्या पदवीसाठी अभ्यासिला म्हणजे त्यास आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणावे.

ही कल्पना आपणांस परकी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय; त्याच्या जोडीस त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र यांचेही अध्ययन केले. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्था कशी विकसित होत गेली, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. तो १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला व १९२७ साली त्यांस पदवी मिळाली. केंद्राकडील पैसा प्रांतांकडे कोणत्या तत्त्वावर जावा, हा प्रश्न केवळ हिशेबाचा नव्हे; त्यात राज्यकारभाराचा इतिहास आहे आणि न्यायाचा विचारही आहे. आपल्या राज्यघटनेतील २८० व्या कलमाने नेमला जाणारा वित्त आयोग याच जातीच्या प्रश्नावर शिफारशी करितो.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० साली झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या समवेत लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत अग्रभागी होते. विद्वत्ता व शेतकऱ्याचा अनुभव यांचा तो संगम होता. कालव्याच्या पाण्यावर जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस वाढला व शेतकरी कारखानदार झाला. त्याच उसाची तोड करावयास दक्षिण भागातील कोरडवाहू कुटुंबे आजही घर सोडतात. एका चांगल्या धोरणाच्या पोटी दुसरा प्रश्न कसा जन्म घेतो, हे पाहावयाचे तर एका शास्त्राची दृष्टी पुरत नाही.

आता पदवीची रीत पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सामान्यतः ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी आवश्यक असते. प्रवेशानंतर ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. मग मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली संशोधन, प्रबंध व शेवटी मौखिक परीक्षा. यास किमान तीन वर्षे लागतात. सामान्य कमाल मर्यादा सहा वर्षांची आहे. नोकरी सांभाळून अंशकालीन संशोधनही करता येते; त्यासाठी नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत धोरण अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र आहे व तेथे या विषयात डॉक्टरेट करण्याची सोय आहे.

प्रत्येक शिक्षकाने पदवी घ्यावी, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु संशोधकास ज्या साधनाची सर्वाधिक गरज असते, ते शिक्षकाच्या हाती आहे. मूल कोणत्या तारखेस गेले, कोणत्या तारखेस परत आले, कोणते मूल आजीआजोबांजवळ राहिले व का राहिले, परतल्यावर वाचन व गणित यांत ते किती मागे पडले, याची नोंद दरवर्षी एकाच पद्धतीने ठेवावी. जे दिसले ते व जे ऐकले ते वेगवेगळे लिहावे. अशी नोंद शाळेबाहेरील कोणास दाखविताना मुलांची नावे मात्र उघड करू नयेत.

पाच वर्षांच्या अशा नोंदींवरून वसतिगृह कोणत्या आठवड्यात उघडले पाहिजे, हे सांगता येईल. वसतिगृह टोळी निघण्याआधी आठ दिवस उघडले, तर मूल गावात राहू शकते. आठ दिवसांनी उघडले, तर ते फडावर पोचलेले असते. धोरण राजधानीत ठरत असले, तरी त्याची कसोटी मिरजगावसारख्या गावाच्या हजेरीपत्रकावरच लागते.