कासवाचे घर आणि कासवाचे खाणे

चैत्र-वैशाखात विहिरीचे पाणी खाली जाते. गावकरी विहिरीतला गाळ काढू लागतात. अशा वेळी गाळाच्या पाटीत कधी कधी कासव निघते. मुलांना मोठी गंमत वाटते. कोणी म्हणतो, "देवाचं रूप आहे, घरी ठेवा." मग कासव टोपल्यात घालून घरी आणतात. सिमेंटच्या हौदात सोडतात. भाकरीचा तुकडा टाकतात.

पुढे काय होते? काही दिवस, काही महिने कासव जिवंत दिसते. मग एके दिवशी मरून पडते. घरचे हळहळतात. "आम्ही तर रोज खायला घालत होतो," असे म्हणतात. मग कासव का मेले? हे आपण नीट समजून घेऊ या.

कासव दोन तऱ्हेचे असते. एक पाण्यातले, दुसरे जमिनीवरचे. दोघांची राहणी वेगळी, खाणे वेगळे.

आपल्या परभणी जिल्ह्यातून गोदावरी वाहते. पूर्णा वाहते, दुधना वाहते. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या शिवारातून जातो. नदीच्या डोहात, कालव्यात, तळ्यात, विहिरीत पाण्यातली कासवे असतात. त्यांतले एक नेहमी आढळणारे कासव ओळखायला सोपे आहे. त्याच्या पाठीवर मऊ कातडी असते. पोटाखाली मागच्या बाजूला कातड्याच्या दोन झडपा असतात. पाय आत ओढले, की झडपा मिटतात. जशी घराची दारे लावावीत, तसेच हे.

आता त्याच्या पायाखालच्या जमिनीकडे पाहू. या कासवाला पाणी लागते आणि पाण्याखाली मऊ गाळ लागतो. गाळात ते अंग पुरून बसते. उन्हाळ्यात तळे आटले, तर चिखलात खोल शिरते आणि पाऊस येईपर्यंत तिथेच पडून राहते. त्याला काठही लागतो. काठावर येऊन ते अंग शेकते. मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि माती लोटून निघून जाते. कासवी नुसत्या नजरेने पिले वाढवते, असे संतांनी म्हटले आहे. तो मायेचा दृष्टान्त आहे. खरे पाहता पिलांना मातीची ऊब वाढवते. म्हणून माती हीच त्यांची माय.

सिमेंटच्या हौदात यातले काय आहे? गाळ नाही, काठ नाही. खरबरीत सिमेंटवर पोटाची कातडी घासते. तिथे जखम होते. पाणी बदलले नाही, तर त्याच पाण्यात विष्ठा कुजते आणि जखम चिघळते. गुळगुळीत फरशीवर ठेवले, तर पाय घसरतात. बारीक खडी टाकली, तर खाण्याबरोबर खडे पोटात जातात आणि आतडे तुंबते.

आता खाणे पाहू. हे कासव मासळी खाते, बेडूक खाते, गोगलगाई खाते, मेलेले जीव खाते. पाण्यातली शेवाळे, पाला आणि पडलेली फळेही खाते. म्हणजे त्याच्या ताटात सगळे थोडे थोडे असते. माशाच्या काट्यातून आणि गोगलगाईच्या कवचातून त्याला चुना मिळतो. त्या चुन्याने त्याचे कवच घडते. कवच म्हणजे वरून घातलेला अंगरखा नव्हे. त्याच्या बरगड्या आणि कणा त्या कवचाला जोडलेले असतात. ते जिवंत हाड आहे. चुना अंगी लागायला ऊनही हवे. चुना नाही आणि ऊन नाही, म्हणजे कवच मऊ पडते, वाकडे होते.

भाकरी, भात, दूध हे त्याचे अन्न नव्हे. बैलाला कडबा न देता नुसता भरडा घातला, तर काय होते ते शेतकऱ्याला सांगायला नको. पोट भरते, पण बैल आजारी पडतो. कासवाचेही तसेच आहे. फरक एवढाच, की बैल हंबरतो, कासव ओरडत नाही. ते कित्येक दिवस, कित्येक आठवडे उपाशी राहू शकते. म्हणून आपल्याला वाटते, त्याचे बरे चालले आहे. आपल्याला कळते तेव्हा वेळ गेलेली असते.

जमिनीवरच्या कासवाची तऱ्हा निराळी. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले कासव काहींनी पाहिले असेल. ते गुजरात-राजस्थानच्या आणि दक्षिणेच्या कोरड्या मुलखातले. शहरात लोक ते चोरून विकतात. त्याला कोरडी माती, गवताची आणि झुडपांची सावली लागते. ओल्या जागेत ठेवले, तर त्याचे कवच सडते, छातीत कफ होतो. ते मुख्यतः गवत आणि पाला खाते. फुले आणि पडलेली फळे थोडी खाते. गोडधोड आणि धान्य त्याला सोसत नाही. पाण्यातल्या कासवाला मानवते ते याला मानवत नाही, हे ध्यानात ठेवावे.

शहरातल्या दुकानांत काचेच्या भांड्यात रुपयाएवढी हिरवी कासवे मिळतात. त्यांच्या डोळ्यामागे लाल पट्टा असतो. ही मूळची अमेरिकेची. ती वाढून पुढे वीतभराहून मोठी होतात. भांडे पुरत नाही. त्यांना पोहायला पाणी लागते, उन्हात बसायला कोरडा दगड लागतो, पाला आणि मासळी दोन्ही लागतात. मग लोक कंटाळून ती नदीत सोडतात. तसे कधी करू नये. ती आपल्या कासवांची जागा आणि खाणे बळकावतात.

आम्हांला काही लोक विचारतात, "वीस नखांचं कासव घरात असलं, तर पैशांचा पाऊस पडतो, हे खरं का?" मंडळी, ही निव्वळ थाप आहे. चांदण्यांच्या कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी अठरा नखे असतात. झडपांच्या कासवाला प्रत्येक पायाला तीन, म्हणजे बारा. नखे मोजून कोणी श्रीमंत होत नाही. श्रीमंत होतो तो विकणारा ठग. घेणारा पैसेही घालवतो आणि तुरुंगातही जातो. लोकांना फसवणाऱ्या असल्या जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला आहे.

तुरुंगाचे नाव आम्ही उगीच घेतले नाही. वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली. ज्या यादीत वाघ आहे, त्याच पहिल्या यादीत झडपांचे कासव आणि चांदण्यांचे कासव आहे. ते पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि निदान पंचवीस हजार रुपये दंड. "मला माहीत नव्हतं," असे सांगून सुटका होत नाही.

विहिरीत कासव आहे म्हणून पाणी शुद्ध, असेही समजू नये. कासव मेलेले किडे-बेडूक खाते, हे खरे. पण त्याच्या विष्ठेतही रोगजंतू असतात. पिण्याच्या विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकलीच पाहिजे. कासवाला हात लागला, तर साबणाने हात धुवावेत. लहान मुलांना तर ही सवय लावावीच.

मग गाळ काढताना कासव निघाले, तर काय करावे?

घरी नेऊ नये. वनरक्षकाला कळवावे किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. कोणी येईपर्यंत कासव सावलीत टोपल्यात ठेवावे. पाण्यातले असेल, तर खाली ओली माती आणि वर ओले पोते घालावे. खोल पाण्यात ठेवू नये. दमलेले किंवा जखमी कासव बुडू शकते. जमिनीवरचे असेल, तर खाली कोरडी माती आणि गवत घालावे. खायला काही देऊ नये. उलटे करू नये. तोंडाजवळ बोट नेऊ नये. ते कडकडून चावते. रस्ता ओलांडणारे कासव दिसले, तर ज्या बाजूला त्याचे तोंड आहे त्याच बाजूला नेऊन सोडावे. ते कुठे चालले आहे, हे त्याला ठाऊक असते.

देवळात शिरताना आपण दगडी कासवाला हात लावून नमस्कार करतो. त्या कासवाला काही लागत नाही. जिवंत कासवाला गाळ लागतो, काठ लागतो, ऊन लागते आणि त्याचे स्वतःचे अन्न लागते. हे सगळे त्याला नदीत, तळ्यात आयते मिळते. आपल्या घरी आणून त्यातले एकही आपण धड देऊ शकत नाही. म्हणून तळे राखावे, डोह राखावा. कासव आपले आपण राहील.