किनाऱ्यापासून आत

सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पाठोपाठ कोकण रेल्वे आली, २०२१ मध्ये चिपीला विमानं उतरू लागली. पण येणारा प्रवासी अजून मालवण-तारकर्लीच्या पट्ट्यातच घुटमळतो. किल्ला, स्कूबा, सुरमईचं ताट, की झाली सहल. या जिल्ह्याचं मोठं धन मला किनाऱ्यापासून आत, पिंगुळी आणि सावंतवाडीत दिसतं.

कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीत ठाकर समाजाची वस्ती आहे. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या त्यांच्या पिढीजात कला. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सूत्रधार वीणेच्या साथीने रामायण-महाभारतातलं आख्यान गातो आणि कथा पुढे सरकेल तसं चित्र बदलतो. एका पोथीत एकच आख्यान. संस्थानी काळात देवळात कला सादर करणं हा या घरांचा मान होता. तो आश्रय सुटला तशा पोथ्या फडताळात गेल्या. पिंगुळीच्याच परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, बाहुल्या जपल्या, मुलांना शिकवलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे गेलात तर भिंतीवरच्या बाहुल्यांचे फोटो काढून निघू नका. आधी कळवून जा, आख्यान लावायला सांगा आणि योग्य बिदागी द्या. बाहुली जिवंत होते ती दोऱ्या हातात घेतल्यावर, आणि ते पाहायला सवड लागते.

सावंतवाडीच्या गंजिफांची गोष्ट अशीच आहे. गोल पानांचा हा खेळ मोगलांबरोबर भारतात आला आणि इथे दशावतारी झाला: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंत दहा पानं, म्हणजे एकूण १२०. हाताने रंगवलेला हा संच बनवणारे हात १९७० च्या सुमारास जवळजवळ संपले होते. राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी जुन्या चिताऱ्याकडून ही विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारखाना चालवला. दरबार हॉलमध्ये कारागीर आजही पानं रंगवताना दिसतात. चितारआळीतली लाकडी फळं, भाज्या, खेळणी तर सर्वांना ठाऊक आहेतच.

राजाचा आणि देवळाचा आश्रय ओसरला, त्या जागी आता प्रवासी उभा आहे. राजाने वर्षभराचं काम दिलं, देवळाने ठरलेली रात्र दिली. आपण घाईघाईत एक चावीसाखळी विकत घेतो. एवढ्यावर कोणाची मुलगी ब्रश हाती धरणार? गंजिफाचा पूर्ण संच महाग वाटतो, पण त्यातलं एकेक पान हाताने रंगवलेलं असतं. ती किंमत मोजायला हवी, आणि घासाघीस तर मुळीच करू नये.

जेवणाचंही तेच. मासळीचं ताट कुठेही मिळतं. शिरवाळे मात्र आदल्या दिवशी सांगावे लागतात. तांदळाच्या उकडीचे गोळे शिजवून, गरम असतानाच लाकडी शेवग्यातून दाबायचे, दाबायला दोघं लागतात, आणि गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर खायचे. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी. हे रांधणाऱ्या बायका गावोगाव आहेत; घरगुती निवासात उतरलात तर त्यांच्या हातचं मिळतं आणि पैसाही थेट त्यांच्याकडे जातो.

यायला दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. देवळासमोर खाजं आणि लाडवांची दुकानं लागतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार हे लोकनाट्य उभं राहतं. लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरवून घेतात आणि संवाद रंगमंचावरच सुचत जातात. संकासुराच्या प्रवेशापासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत गावकरी हलत नाहीत. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं काढा.