तापीच्या गाळापासून समुद्रतळापर्यंत

पावसाळ्यात प्रकाशाच्या पुलावरून गढूळ तापी सगळ्यांनीच पाहिली असेल. हा गाळ जातो कुठे? १९७२ मध्ये उकाई धरण झाल्यापासून बराचसा तिथेच अडतो, उरलेला खंबातच्या आखातात. दख्खनच्या काळ्या दगडापासून बनणारी स्मेक्टाइट ही चिकणमाती अरबी समुद्राच्या तळाशीही सापडते. पण किनाऱ्यापासून दूर नद्यांचा गाळ कमीच पोचतो. मग तिथे काय साचतं? ते बरंचसं खोलीवर ठरतं.

समुद्राच्या वरच्या थरात असंख्य सूक्ष्म जीव तरंगतात. फोरॅमिनिफेरांचं कवच चुन्याचं, डायटमचं सिलिकाचं. जीव मेले की ही कवचं खाली पडत राहतात. दोन-तीन हजार मीटरवर चुना टिकतो आणि पांढरट चिखल तयार होतो. त्याहून खोल गेलं की पाणी थंड, दाब प्रचंड आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त. म्हणून चुना विरघळू लागतो. साधारण ४००० ते ५००० मीटरवर जेवढा चुना वरून येतो तेवढाच विरघळतो. या पातळीला म्हणतात 'कार्बोनेट कॉम्पेन्सेशन डेप्थ', थोडक्यात सीसीडी. हिमालयातल्या हिमरेषेसारखीच ही रेषा: समुद्रातले डोंगरमाथे पांढरे, खालचा तळ तपकिरी.

सीसीडीच्या खाली, वर भरपूर जीव असतील तिथे सिलिकाचा चिखल; नाहीतर वाऱ्याने आणलेल्या धुळीची लाल माती. ती हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर साचते. गाळ इतका सावकाश पडतो म्हणूनच मँगनीजचे गोळे न गाडले जाता वाढतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्रातून असे गोळे वर काढले.

आता आपल्याशी संबंध काय? जुन्या काळी मान्सून जोरदार होता की कमकुवत, याचा हिशोब शास्त्रज्ञ अरबी समुद्रातल्या याच चुन्याच्या कवचांवरून मांडतात. जिथे चुना विरघळला, तिथे वहीचं ते पानच गेलं. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषतो. तो हळूहळू खोल पोचला की सीसीडी वर सरकते आणि आधी साचलेला चुनाही विरघळू लागतो. शहादा-तळोद्याचा शेतकरी ज्या पावसाकडे डोळे लावून बसतो, त्याचा हजारो वर्षांचा इतिहास तिथे लिहिलेला आहे. तो पुसला जाण्याआधी वाचायला हवा, आणि त्यासाठी जहाज, ड्रिल, सेन्सर बनवणारे इंजिनिअरही लागतात बरं का!